रिपोर्टातले प्रतिपिंड आणि अंगावरचा चट्टा : ल्युपसविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ल्युपस या एकाच आजाराभोवती फिरणारी होती, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते तो आजार. पत्रे खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आली असली, तरी त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे, आता काय?’ हा प्रश्न अर्धाच आहे, असे मला मनापासून वाटते. कोणते प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडले, ते किती आहे आणि त्याच वेळी त्या माणसाच्या अंगावर काय दिसते, हे तीनही कळल्याशिवाय रिपोर्टावरच्या एका शब्दाला अर्थ येत नाही. आपल्या भागात तर रिपोर्ट इंग्रजीत असतो, दवाखान्यातले बोलणे पुष्कळदा कन्नडमध्ये होते आणि घरी त्याची चर्चा मराठीत होते. या तीन भाषांच्या प्रवासात ‘कदाचित’ हा शब्द कुठेतरी गळून पडतो आणि उरते ती भीती. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. केस गळतात आणि गुडघे दुखतात म्हणून रक्त तपासले. एएनए पॉझिटिव्ह, १:८०, ठिपकेदार असे आले. तिला ल्युपस आहे असे आम्हाला सांगण्यात आले. लग्नाची बोलणी चालू होती, ती आम्ही थांबवली आहेत. पुढे काय करावे? (एक वडील, खानापूर तालुका)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदावरून तुमच्या मुलीला ल्युपस आहे असे म्हणता येत नाही, हे सर्वांत आधी सांगते. लग्नाची बोलणी या एका आकड्यासाठी थांबवायला नको होती.

एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांना चिकटणारी प्रतिपिंडे. आपले शरीर जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तीच यंत्रणा जेव्हा आपल्याच पेशींतल्या डीएनएला किंवा प्रथिनांना परके समजते, तेव्हा जी तयार होतात त्यांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. तपासणीत रक्तातील द्रव पातळ करून काचपट्टीवरच्या मानवी पेशींवर सोडतात, नंतर त्यावर चमकणारा रंग जोडलेले द्रव्य टाकतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. स्वप्रतिपिंडे असतील तर पेशींची केंद्रके हिरवी उजळतात. ताकात पाणी घालत जावे आणि कुठवर आंबटपणा लागतो ते पाहावे, तसा हा प्रकार आहे. १:८० म्हणजे एक भाग द्रव ऐंशी पट पातळ केल्यावरही केंद्रके उजळली, आणि ‘ठिपकेदार’ म्हणजे ती ठिपक्याठिपक्यांनी उजळली. आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडे जास्त.

आता दुसरी बाजू पाहा. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचे रक्त तपासले. तेव्हा १:४० या पातळीवर सुमारे ३२ टक्के, १:८० वर १३ टक्के, १:१६० वर ५ टक्के आणि १:३२० वर ३ टक्के निरोगी माणसे पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या शंभर धडधाकट माणसांचे रक्त तपासले, तर बारा-तेरा जणांच्या हातात तुमच्या मुलीसारखाच कागद येईल. शिवाय थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार, क्षयरोग, त्यावरचे आयसोनियाझिड हे औषध, वाढते वय आणि रक्ताच्या नात्यात कोणाला ल्युपस असणे, अशा कितीतरी कारणांनी एएनए पॉझिटिव्ह येतो. केस गळण्याची आणि सांधे दुखण्याची कारणेही आपल्याकडच्या मुलींत बहुधा वेगळीच निघतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासले आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. ते आधी करून घ्या.

ल्युपसच्या वर्गीकरणासाठी २०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून जे निकष ठरवले, त्यांत १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही फक्त उंबरठ्याची अट आहे. तिला एकही गुण नाही. गुण त्यानंतर सुरू होतात. गालांवर फुलपाखरासारखा चट्टा असेल तर ६, अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धचे) किंवा अँटी-एसएम (केंद्रकातल्या एसएम प्रथिनांविरुद्धचे) प्रतिपिंड सापडले तर ६, सी३ आणि सी४ ही दोन्ही कॉम्प्लिमेंट प्रथिने (प्रतिपिंडांच्या मदतीला येणारी रक्तातली प्रथिने) कमी असतील तर ४, आणि एकूण १० झाले तर ल्युपस धरतात. तुमची मुलगी आज फक्त उंबरठ्यावर उभी आहे.

तरीही ‘विसरून जा’ असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे होणार नाही. अमेरिकेच्या लष्करात वर्षानुवर्षे साठवलेले सैनिकांचे रक्तद्रव तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच किमान एक स्वप्रतिपिंड होते, सरासरी तीन वर्षांहून अधिक आधी आणि एकात तर नऊ वर्षांहून अधिक आधी. एएनए आणि अँटी-रो (पेशीतल्या रो नावाच्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड) ही आधी दिसत होती, अँटी-डीएसडीएनए नंतर, आणि अँटी-एसएम आजार अगदी तोंडावर आल्यावर. म्हणून एकदा अँटी-डीएसडीएनए, अँटी-एसएम, अँटी-रो यांची वेगळी तपासणी, रक्ताची साधी मोजणी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या. हे सगळे ठीक असेल तर तिने नेहमीसारखे जगावे. उन्हाने उठणारा चट्टा, तोंडात टाळूवर न दुखणारा व्रण, पायांवर सूज किंवा सांध्यांना सकाळी दिसणारी सूज यांपैकी काही झाले तरच दाखवावे. काही त्रास नसताना एएनए पुन्हा तपासण्याची गरज नाही.

प्रश्न : माझे वय एकतीस. दोन वर्षांपूर्वी ल्युपसचे निदान झाले. गालांवर चट्टा येतो, बरा होतो, पुन्हा येतो. आजार रक्तात आहे म्हणतात, मग तो चेहऱ्यावरच का उमटतो? ऊन टाळा म्हणतात, पण मी दिवसभर घरातच मागावर बसते. (एक भगिनी, वडगाव, बेळगाव)

उत्तर : तुम्ही विचारलेला प्रश्न या आजाराच्या मुळाशी जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी उन्हातील अतिनील किरणांनी रोजच थोड्याफार मरत असतात. निरोगी माणसात मेलेली पेशी नीट आटोपली जाते आणि सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. कोणाला काही कळतही नाही. ल्युपसमध्ये ही सफाई मंद असते आणि मेलेल्या पेशींचा कचरा साचून राहतो. शिवाय एरवी पेशीच्या आत, प्रतिपिंडांच्या नजरेआड असणारी रो आणि ला नावाची प्रथिने आणि केंद्रकातले इतर घटक मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर फुगवट्यांच्या रूपात वर येतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ साली ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. रक्तातून फिरणाऱ्या प्रतिपिंडांना त्यांचे लक्ष्य असे उघड्यावर सापडते. म्हणजे आजार रक्तात असला, तरी त्याच्यासाठी दार उघडते ते त्वचेत, आणि ते उघडणारा हात बहुधा उन्हाचा असतो.

प्रतिपिंड आणि पेशीचे तुकडे एकमेकांना चिकटून जे गठ्ठे बनतात, ते त्वचेतल्या एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी आत ओढून घेतात. गठ्ठ्यातला डीएनए किंवा आरएनए या पेशींना विषाणूचा वाटतो आणि त्या इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडू लागतात. विषाणू आल्यावर द्यायची ही हाक आहे. इथे ती विषाणू नसताना दिली जाते. ती ऐकून लढाऊ पेशी त्वचेत येतात आणि वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींवर हल्ला करतात. त्यामुळे आणखी पेशी मरतात, आणखी केंद्रके उघडी पडतात, आणखी गठ्ठे तयार होतात. हे चक्र बाहेरून आपल्याला गालावरच्या चट्ट्याच्या रूपात दिसते. त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासला तर वरचा आणि खालचा थर जिथे जुळतात तिथे प्रतिपिंडांची आणि कॉम्प्लिमेंटची चमकणारी पट्टी दिसते. इंटरफेरॉनचा यात किती वाटा आहे याचा मोठा पुरावा औषधातूनच मिळाला : इंटरफेरॉनची हाक पेशीपर्यंत पोहोचू न देणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे इंजेक्शन २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि त्वचेच्या चट्ट्यांवर त्याचा चांगला गुण येतो.

पण सगळा दोष प्रतिपिंडांना देणेही बरोबर नाही. अँटी-रो असूनही आयुष्यभर अंगावर एकही चट्टा न आलेल्या स्त्रिया मी पाहते, आणि त्वचेवर ल्युपस असून रक्तात काहीच न सापडणारे रुग्णही पाहते. प्रतिपिंड, मंद सफाई, ऊन, जनुकांचा कल आणि स्त्री-संप्रेरके हे सगळे एकत्र यावे लागते. दर दहा रुग्णांमागे नऊ स्त्रिया असतात, त्याच्या कारणांत या संप्रेरकांचाही वाटा आहे.

आता तुमच्या घरातल्या कामाविषयी. काच अतिनील किरणांचा एक प्रकार अडवते, पण दुसरा, त्वचेत खोल जाणारा प्रकार बराचसा आत येऊ देते. माग खिडकीजवळ असेल तर उजेडाकडे असलेला गाल रोज कित्येक तास उन्हातच असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे हवा थंड वाटते म्हणून ऊनही सौम्य असेल असे आपण धरतो, पण किरणांचा आणि गारव्याचा संबंध नाही. पावसाळ्यातल्या ढगांतूनही ती येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ल्युपसचा चट्टा ऊन लागल्याच्या दिवशी उठत नाही. तो पुष्कळदा आठवड्याने, कधी दोन-तीन आठवड्यांनी उठतो. यात्रेला जाऊन आलेली बाई पंधरा दिवसांनी माझ्याकडे येते आणि ‘काही खाण्यात आले असेल’ असे सांगते. मागच्या तीन आठवड्यांत उन्हात कधी होता ते आठवून पाहा. बहुतेक वेळा दुवा सापडतो.

तुमच्यासारख्याच मागावर काम करणाऱ्या एका ताईंचे हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी ते टेबलावर पालथे ठेवले होते. बोटांच्या पेरांची मधली जागा तांबूस-जांभळी झाली होती आणि सांध्यांवरची उंच कातडी मात्र स्वच्छ होती, जणू कोणी मोजून रंग भरावा. त्यांना तो सुतात वापरलेल्या रंगाचा डाग वाटला होता. ल्युपसमध्ये चट्टा असा पेरांच्या मध्ये असतो. नेमका सांध्यांवर असेल तर स्नायूंच्या एका वेगळ्या आजाराची शंका घ्यावी लागते. गालांवरही तसेच आहे : नाकाच्या बाजूंनी ओठांच्या कोपऱ्याकडे येणाऱ्या घड्या ल्युपसमध्ये बहुधा कोऱ्या राहतात. आणखी एक गोष्ट आपल्या वर्णाच्या माणसांसाठी मुद्दाम लिहिते. पुस्तकांत हा चट्टा लालभडक दाखवलेला असतो. सावळ्या त्वचेवर तो तांबूस, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो आणि वांग समजून महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. वांग सपाट असतो, आग करत नाही, आणि आठवड्यात येऊन आठवड्यात जात नाही.

माग खिडकीपासून हलवता आला तर हलवा, नाही तर काचेवर जाड कापड लावा. एसपीएफ ५० चे क्रीम सकाळी आणि दुपारी पुन्हा लावा. दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर मावेल इतके एका चेहऱ्याला लागते. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, ते तपासून घ्या.

प्रश्न : वय बावन्न, पुरुष. पाठीवर आणि दंडांवर गोल कडी उठली. गजकर्ण म्हणून सहा महिने गोळ्या आणि मलमे झाली, कडी वाढतच गेली. आता अँटी-रो पॉझिटिव्ह आले आणि त्वचेचा ल्युपस आहे म्हणतात. हा बायकांचा आजार ना? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. विडी ओढतो. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पुरुषांनाही होतो, आणि तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी फार मोलाच्या आहेत.

त्वचेच्या ल्युपसचा एक प्रकार असा कड्यांच्या रूपात येतो. पाठीचा वरचा भाग, गळ्याखालची उघडी छाती, दंडांची बाहेरची बाजू, म्हणजे सदरा न झाकणारी किंवा विरळ झाकणारी जागा, ही त्याची ठिकाणे. चेहरा पुष्कळदा सुटतो. गजकर्ण जांघेत, कमरेच्या घडीत, घाम साचतो तिथे रमते आणि खूप खाजते. ल्युपसची कडी फारशी खाजत नाहीत आणि बरी झाल्यावर व्रण ठेवत नाहीत, फिकट डाग ठेवतात. या प्रकाराच्या साधारण ७० टक्के रुग्णांत अँटी-रो सापडते. प्रतिपिंड आणि चट्टा यांची इतकी घट्ट जोडी ल्युपसमध्ये क्वचितच दिसते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका गृहस्थांना अशाच कड्यांसाठी तीन महिने गजकर्णाची औषधे दिली होती. कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता, तर बुरशी नाही हे दहा मिनिटांत कळले असते. ते मी केले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आता औषधे. काही औषधांनी हाच आजार अँटी-रोसह सुरू होऊ शकतो किंवा भडकू शकतो. त्यांत रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड फार जुने आणि माहीत असलेले आहे, आणि गजकर्णासाठी दिली जाणारी टर्बिनाफिन ही गोळीही आहे. रक्तदाबाच्या पुष्कळ जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले असते, बहुधा नावापुढे एच हे अक्षर असते. म्हणजे चट्टा आधी रक्तदाबाच्या गोळीने उठला आणि गजकर्णाच्या गोळीने वाढला, असे तुमच्या बाबतीत घडलेले असू शकते. गोळी स्वतःहून मात्र मुळीच थांबवू नका. रिकामी पाकिटे सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ती बदलून घ्या. औषधच कारण असेल तर चट्टे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतात, जरी अँटी-रो रक्तात त्यानंतरही राहिले तरी.

विडीविषयी स्पष्ट लिहिते. धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेचा ल्युपस जास्त तीव्र असतो आणि त्यावरच्या मुख्य गोळ्यांचा गुणही त्यांना कमी येतो. निपाणीत राहून विडी सोडणे म्हणजे घरच्या आणि शेजारच्या पोटापाण्याच्या वस्तूकडे पाठ फिरवण्यासारखे वाटते, हे मला कळते. तरी सोडा. या आजारात रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेल्या ज्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यांतली ही एक आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, तीन महिन्यांची गरोदर आहे. मला काही त्रास नाही. आधीचा एक गर्भपात झाल्यामुळे तपासणी केली, त्यात अँटी-रो पॉझिटिव्ह आले. बाळाला ल्युपस होईल का? (एक भगिनी, चिकोडी)

उत्तर : बहुतेक बाळे पूर्ण निरोगी जन्मतात. पण हे प्रतिपिंड वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जाते, म्हणून काही गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते.

पहिली गोष्ट हृदयाची. अँटी-रो असलेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी एका-दोघांच्या हृदयात ठोक्यांचा संदेश वाहणारी वाट या प्रतिपिंडांमुळे बिघडते आणि ठोके मंदावतात. हा बिघाड पूर्ण झाला तर भरून येत नाही; अशा बऱ्याच बाळांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो. तो बहुधा गरोदरपणाच्या सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात होतो, म्हणून या काळात गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरावीक अंतराने करून घ्या. ती कोणत्या केंद्रात होते हे आताच विचारून ठेवा, म्हणजे सोळावा आठवडा लागल्यावर धावपळ होणार नाही. ज्यांच्या आधीच्या बाळाला असा त्रास झाला आहे, त्यांच्या पुढच्या खेपेला धोका १६ ते १८ टक्क्यांपर्यंत जातो. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेतल्यास तो निम्म्याहून कमी होतो, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आधीच्या गर्भपातामुळे फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडेही तपासली आहेत ना, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात यांच्याशी खरा संबंध आहे तो त्यांचा, अँटी-रोचा नाही. पायांवर किंवा हातांवर जाळीसारख्या निळसर रेषा दिसत असतील तर तेही सांगा.

दुसरी गोष्ट त्वचेची. काही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत डोळ्यांभोवती चष्म्यासारखा गोल चट्टा किंवा डोक्यावर कडी उठतात. बाळाच्या शरीराने स्वतः एकही प्रतिपिंड तयार केलेले नसते. जे असते ते आईकडून आलेले. सहा ते आठ महिन्यांत आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून संपतात आणि चट्टेही जातात. वडगावच्या ताईंनी विचारले होते की रक्तातली गोष्ट त्वचेवर कशी येते. त्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सापडणार नाही.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावून झाले की कोवळे ऊन दाखवण्याची पद्धत आहे. आजी ते प्रेमाने करतात आणि इतर बाळांच्या बाबतीत माझी हरकत नाही. तुमच्या बाळाला मात्र पहिले सहा-आठ महिने ऊन दाखवू नका, आणि हे आईला व सासूबाईंना बाळंतपणाआधीच समजावून ठेवा. काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायची वेळ आली, तर तुमच्या अँटी-रोविषयी बालरोगतज्ज्ञांना सांगा.

प्रश्न : ल्युपसचे उपचार चालू आहेत. एएनए दर तीन महिन्यांनी तपासतो, पण तो कमीच होत नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तो पैसा वाचवा. एएनए आजार बरा-वाईट असण्याबरोबर खाली-वर होत नाही. लक्ष ठेवायचे ते अँटी-डीएसडीएनए, सी३ आणि सी४ यांवर. अँटी-डीएसडीएनए चढत असेल आणि कॉम्प्लिमेंट उतरत असेल तर मूत्रपिंडांना धोका असू शकतो. आणि त्याहून स्वस्त, त्याहून मोलाची तपासणी म्हणजे लघवीतील प्रथिने. ती चुकवू नका.

प्रश्न : आईच्या डोक्यावर तीन चट्टे आहेत, तिथले केस गेले आहेत. मध्ये पांढरे, कडेला काळे. गावात कोणी कोड म्हणते, कोणी महारोग. तुकडा काढून तपासल्यावर डिस्कॉइड ल्युपस असे आले, पण एएनए निगेटिव्ह आहे. निदान चुकले का? मलेरियाची गोळी दिली आहे, तिने डोळे जातात असे ऐकले. (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : निदान चुकलेले दिसत नाही. डिस्कॉइड हा बहुधा त्वचेपुरता राहणारा प्रकार आहे आणि त्यात एएनए पुष्कळदा निगेटिव्ह किंवा अगदी थोडा असतो. इथे रक्तापेक्षा त्वचेच्या तुकड्यावर अधिक विश्वास ठेवायचा. असा आजार पुढे शरीरभर पसरण्याचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के आहे, म्हणून वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासावी. महारोगाची शंका तुम्ही घरीही बरीचशी दूर करू शकता : आईला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचा धागा फिरवा; महारोगाच्या चट्ट्यावर पुष्कळदा स्पर्श कळत नाही, ल्युपसच्या चट्ट्यावर कळतो. कानाच्या पाळीच्या आतला खोलगट भागही पाहा. डिस्कॉइडचे चट्टे तिथे लपतात आणि आरशात स्वतःला दिसत नाहीत. शेजाऱ्यांना सांगा की हा स्पर्शाने लागणारा आजार नाही. आईचे ताट वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही.

जिथे व्रण धरला तिथले केस परत येणार नाहीत, हे मला लपवता येत नाही. पण कडेला जिथे अजून तांबूसपणा आणि खवले आहेत, तिथली मुळे वाचवता येतात, आणि म्हणूनच उशीर नको.

ती गोळी म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मलेरियासाठी निघाली, पण ल्युपसमध्ये तिचा आधार गेली कित्येक दशके आहे. तिच्या आधीच्या पिढीतले क्विनीन तर १८९४ सालीच ल्युपससाठी वापरले गेले होते. २०२० मध्ये कोविडवर चालेल या आशेने लोकांनी ती साठवली, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना ती दुकानोदुकानी शोधावी लागली होती. डोळ्यांचा धोका खरा आहे, पण तो मात्रेवर अवलंबून असतो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आईचे वजन ४० किलो असेल तर रोज २०० मिलिग्रॅम. या मात्रेत पहिल्या दहा वर्षांत पडद्याला इजा होण्याचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आहे. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडद्याची तपासणी करावी. मूत्रपिंडे कमजोर असतील तर ती आधीपासूनच. गोळीचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी ‘फरक नाही’ म्हणून ती सोडणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत, तुम्ही तसे करू नका.

दर महिन्याला, त्याच खिडकीच्या उजेडात, चट्ट्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना ते फोटो दाखवा. चट्ट्याची कड पुढे सरकते आहे की थांबली आहे, हे त्यांना त्यावरून लगेच कळेल.